ढग आला तर पैसे परत: बेटांच्या सहली विकणाऱ्या मुंबईकर कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
दादर, गिरगाव, पार्ले, बोरिवली, मुलुंड इथून परदेशी बेटांच्या सहली विकणाऱ्या सर्व सहल कंपन्या

विषय: हेलिकॉप्टर सहलीचं बुकिंग, रद्द होणं आणि पैशांचा परतावा

सप्रेम नमस्कार.

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की रविवारच्या पेपरात तुमच्या पानभर जाहिराती येतात. हॉल घेऊन प्रदर्शन लावता, चहा-बिस्किटं देता, 'आजच्या आज बुकिंग केलंत तर' म्हणून सूट देता. मॉरिशसच्या पानावर एक फोटो ठरलेला असतो: फिरोजी समुद्र, मागे काळा डोंगर आणि समुद्राच्या पोटातच कोसळणारा धबधबा. खाली बारीक टाइपात लिहिलेलं असतं, हेलिकॉप्टर राइड, खर्च वेगळा. हवाईच्या पानावर हिरवेगार कडे आणि खाली तीच ओळ. हे पत्र त्या ओळीबद्दल आहे आणि माझी मागणी एकच आहे. ढग आला, वारा सुटला, पायलट 'नाही' म्हणाला, तर प्रवाशाचे सगळे पैसे परत द्या आणि तसं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या.

मागणी पैशांची दिसते, पण तिचा संबंध जिवाशी आहे. तो कसा, ते जरा सविस्तर सांगते. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या. तुमच्या अटी-शर्तींपेक्षा ते नक्कीच लहान आहे.

आधी एक स्पष्ट करते, माझा हेलिकॉप्टरला विरोध नाही. काही गोष्टी वरूनच दिसतात. मॉरिशसच्या नैऋत्य टोकाला ल मॉर्न ब्राबाँ नावाचा ५५६ मीटर उंचीचा कातळ आहे. त्याच्यासमोर, प्रवाळाच्या कड्याच्या पलीकडे, बेटाभोवतीचा उथळ तळ संपतो आणि समुद्र एकदम खोल होतो. लाटा आणि प्रवाह किनाऱ्यावरची वाळू आणि गाळ त्या काठावरून खाली ओढून नेतात. उतरणीला लागलेल्या त्या वाळूचे पांढरे ओघळ आणि फिकट हिरव्यापासून गर्द निळ्यापर्यंत बदलत जाणारं पाणी, दोन्ही एकत्र पाहिलं की पाणीच दरीत कोसळतंय असं वाटतं. भास आहे, पण काय भास आहे! बोटीतून गेलात तर यातलं काही दिसत नाही, किनाऱ्यावरून तर नाहीच नाही. हवेतूनसुद्धा सूर्य डोक्यावर हवा आणि आकाश स्वच्छ हवं. ऊन तिरपं झालं की पाणी नुसतं चकाकतं, तळ दिसत नाही. म्हणजे दिवसातले मोजके तास, आणि तेही हवा चांगली असेल तर. हे गणित तुमच्या काउंटरवरच्या कितीजणांना माहीत आहे? मी विचारलं तेव्हा 'मॅडम, कधीही दिसतं' असं उत्तर आलं होतं.

हवाईतल्या काउआई बेटाची गोष्ट याहून पुढची. तिथले नापाली किनाऱ्याचे कडे काही ठिकाणी चार हजार फुटांपर्यंत सरळ समुद्रातून उठलेले आहेत. बेटाभोवतीचा रस्ता या कड्यांपाशी दोन्ही बाजूंनी येऊन संपतो. पूर्ण फेरी मारणारा रस्ताच नाही. मधोमध वायआलेआले हा डोंगर, जगातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी एक. त्याच्या पोटातल्या दऱ्या आणि धबधबे हेलिकॉप्टर तासाभरात दाखवून आणतं. पायी जायचं म्हटलं तर तुमच्या-माझ्यासारख्याला जमणारं काम नाही. त्यामुळे तिथे लोक हेलिकॉप्टरसाठी पैसे मोजतात, यात काही चूक नाही. पण धबधबे कशामुळे आहेत? पावसामुळे. आणि पाऊस कुठून येतो? जे बघायला जायचं, त्याला जन्म देणारा ढगच उड्डाणाच्या मुळावर उठतो. असल्या जागी उड्डाण रद्द होणं हा अपवाद मानता येत नाही, ते धरूनच चालायला हवं.

आता हे मी एवढ्या ठामपणे का सांगते, तेही लिहिते. आमच्या यांची सगळी नोकरी समुद्रातली. जुहूहून उठायचं, बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या फलाटावर उतरायचं, चौदा दिवस तिथे आणि चौदा दिवस घरी. जुहूचा विमानतळ १९२८चा, १९३२मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले, हे ते पाहुण्यांना आवर्जून सांगतात. पण स्वतः हेलिकॉप्टरमध्ये बसले की बाहेर बघायच्या आधी दाराची कडी कुठल्या बाजूला फिरते ते बघतात, मग पट्ट्याचा खटका दोनदा उघडून लावतात. समुद्रावर कामाला जाणाऱ्यांना एक प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याला ते लोक 'ह्यूएट' म्हणतात. हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा सांगाडा तलावात सोडतात, पाण्याखाली उलटा करतात आणि आतल्या माणसाने पट्टा सोडवून खिडकीतून बाहेर यायचं. हेलिकॉप्टरचं इंजिन आणि पंखा, म्हणजे सगळं ओझं वरच्या अंगाला असतं. पाण्यात पडलं की ते बहुधा पालथं होतं. मग वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. म्हणून एक हात आधीच खिडकीच्या चौकटीवर धरून ठेवायचा, हलणं थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही आणि लाइफ जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर माणूस तरंगून आतच अडकतो. जून २०२२मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात, तेलाच्या फलाटापाशी, हेलिकॉप्टर पाण्यात पडलं. पाण्यावर तरंगत ठेवणारे, फुगणारे फ्लोट होते, मदत जवळ होती, तरी नवांपैकी चौघं गेले. त्याआधी जानेवारी २०१८मध्ये जुहूहून निघालेलं एक पोचलंच नाही, सातही जण गेले. ही कामाची उड्डाणं होती. तरीही आमच्या घरात त्या दोन्ही दिवशी कोणी जेवलं नव्हतं.

तुमच्या प्रवाशाला यातलं काय माहीत असतं? हेलिकॉप्टरच्या तळावर त्याला पाच-सात मिनिटांचा व्हिडिओ दाखवतात, कमरेला लाइफ जॅकेटची पिवळी पिशवी बांधतात आणि त्या पिशवीत काय आहे हे न विचारता तो तिच्यासकट सेल्फी काढतो. शेपटीच्या पंख्याकडे जायचं नाही, पुढून, पायलटला दिसेल असंच यायचं, टोपी-ओढणी काढून ठेवायची, हे ओरडून सांगायला तिथला माणूस असतो म्हणून निभावतं. याबद्दल माझी तक्रार नाही. मौजेला निघालेल्या माणसाला तलावात उलटं करा असं मी म्हणणार नाही. पण त्याला स्वतःला धोका ओळखता येत नाही, म्हणून तो ओळखणाऱ्याच्या, म्हणजे पायलटच्या, 'नाही'ला सगळ्यांनी मिळून जपलं पाहिजे. आणि घोडं नेमकं इथेच अडतं.

आमचं मॉरिशसचं उड्डाण सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. सहल तुमच्यापैकीच एका कंपनीची. नाव लिहीत नाही, कारण नंतर मी बाकीच्यांच्या पुस्तिकाही वाचल्या आणि त्यातल्या अटी थोड्याफार फरकाने त्याच निघाल्या. सकाळी हॉटेलवर न्यायला आलेले चालक तिथलेच मराठी होते. पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला गेलेले, घरात बोलायला क्रिओल, आमच्याशी हिंदी, आणि गणपतीच्या आरत्या मात्र तोंडपाठ. (गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, हे तुमच्या पुस्तिकेत कुठेच नाही. पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर ज्या पायऱ्या चढून बेटावर आले त्या पायऱ्या आहेत, त्याही नाहीत. त्याऐवजी एका मॉलला तीन तास दिलेले आहेत.) वाटेत त्यांनी गाडी हळू केली, बोटाने ल मॉर्न दाखवला आणि म्हणाले, "टोपी घातलीय बघा त्याने. आज काही खरं नाही." डोंगराचा माथा ढगात गेला होता.

तळावर आधी वजन झालं. प्रत्येकाला काट्यावर उभं करतात, अंगावरच्या कपड्यांसकट, गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट. आमच्या गटातल्या एका काकूंनी बुकिंगच्या वेळी अठ्ठावन्न सांगितले होते. काट्याचं मत वेगळं पडलं. कोणी हसलं नाही, पण काकू तेवढ्यात दोन वेळा म्हणाल्या की चप्पल जड आहे. या वजनावरून कोण कुठे बसणार ते ठरतं. चार प्रवाशांच्या हेलिकॉप्टरमध्ये एक जण पायलटशेजारी आणि तिघं मागे, मागच्या तिघांतल्या मधल्याला दोन खांदे आणि त्यांच्या फटीतून जमेल तेवढा समुद्र. गटात एक नवं जोडपं होतं. त्यांना वेगळं बसवणार म्हटल्यावर मुलीचे डोळे भरून आले. तोल सांभाळायला वजन वाटावंच लागतं, त्याला पायलट काय करणार? हे तिला दादरच्या काउंटरवर कोणी सांगितलं असतं तर तिने कदाचित मनाची तयारी केली असती, नाहीतर सरळ नको म्हटलं असतं. हवाईत तर साधारण ११० किलोच्या पुढच्या माणसाला बऱ्याच कंपन्या जास्तीच्या सीटचे पैसे लावतात. तेही तिथे पोचल्यावर, चारचौघांत कळण्याची गोष्ट नाही. वजन बुकिंगच्या वेळी, बाजूला घेऊन, नीट विचारा. भिडेपोटी खोटं सांगणारे आपण सगळेच आहोत. तेव्हा का विचारताय तेही सांगा.

वजनं झाल्यावर आम्ही बसून राहिलो. पायलट बाहेर आला, डोंगराकडे बघितलं, अर्धा तास थांबू म्हणाला. अर्ध्या तासाने परत आला, परत बघितलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, आज होणार नाही. आणि मग जे झालं ते मला तुम्हाला दाखवायचं आहे.

"अहो, डोंगराकडे नका नेऊ, समुद्रावरून तरी फिरवा." "एवढ्यात उघडेल, बघा तिकडे ऊन पडलंय." "आम्ही इंडियातून आलोय, रात्री फ्लाइट आहे, परत कधी येणार?" एका गृहस्थांनी वर पैसे देऊ केले. एकाने व्हाउचर काढून त्यावरची वेळ बोटाने दाखवली. तुमचा टूर मॅनेजर, पंचविशीतला गोड मुलगा, आधी आम्हाला शांत करत होता, नंतर मुंबईहून फोन आला आणि तोही पायलटला म्हणायला लागला, "सर, ओन्ली फिफ्टीन मिनिट्स." पायलटच्या हातात लॅमिनेट केलेली चेकलिस्ट होती. ती तो नुसती उलटसुलट करत होता आणि प्रत्येकाला मान हलवून तेच उत्तर देत होता. आवाज चढला नाही त्याचा. पण दहा-बारा माणसं, सगळी त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजाची, त्याच्याभोवती उभी होती, आणि तो एकटा होता.

मी त्या माणसांना वाईट म्हणणार नाही. एरवी सज्जन, बसमध्ये मागून खाकरे पुढे पाठवणारी माणसं. पैसे सगळ्यांचे दोन महिने आधी भरलेले होते. व्हाउचरवर छापलं होतं: हवामानामुळे राइड रद्द झाल्यास परतावा मिळणार नाही. दुसरा दिवस हातात नव्हता. असं सगळ्या बाजूंनी कोंडलं की माणूस ज्याच्याकडे दार दिसेल त्याच्यावर धावून जातो. ते कोंडणं मुंबईतच झालं होतं, हॉल घेतलेल्या प्रदर्शनात, चहा-बिस्किटांबरोबर.

आणि यातली खरी गंमत पुढे आहे. मी बँकेत आयुष्य काढलं, भिंतीवरचे फलक वाचायची खोड आहे. त्या तळावरच्या काउंटरमागे उडवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा फलक होता: हवामानामुळे आम्ही उड्डाण रद्द केल्यास दुसरी वेळ किंवा संपूर्ण परतावा. हेलिकॉप्टर ज्याचं, इंधन ज्याचं, पायलट ज्याचा, तो पैसे परत द्यायला तयार! मग आमचे पैसे अडले कुठे? तिथला लोकल एजंट म्हणाला, तुमच्या इंडियातल्या कंपनीला विचारा. इंडियातली कंपनी म्हणाली, तिथल्या एजंटकडून आलेच नाहीत. ही टोलवाटोलवी घरी आल्यावरही काही आठवडे चालली आणि शेवटी पुढच्या सहलीत वापरायचं एक कूपन ईमेलने आलं. मुदत एक वर्ष, फक्त परदेशी सहलीसाठी, इतर सवलतींबरोबर लागू नाही.

तुम्ही म्हणाल, पायलटने नाही म्हटलं ना, मग झालं की. झालं, त्या दिवशी झालं. पण प्रत्येक ठिकाणचा पायलट रोज, दिवसातून अनेकदा हे ओझं घेऊन ढगाकडे बघतो. २६ डिसेंबर २०१९ला, ऐन नाताळच्या गर्दीत, काउआईवर पायलट आणि सहा प्रवासी असलेलं एक सहलीचं हेलिकॉप्टर नापालीच्या भागात डोंगरावर आदळलं. कोणी वाचलं नाही. त्यात लहान मुलंही होती. अमेरिकेच्या नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. कारण काय निघालं? यंत्र बिघडलं नव्हतं. डोळ्यांनी बघून उडवायच्या उड्डाणात, दिसेनासं होत चाललेलं असताना पुढे जात राहण्याचा पायलटचा निर्णय. पायलट नवखा नव्हता. त्याच दिवशी त्याच भागातल्या इतर काही पायलटांनी हवा बघून वाट बदलली होती. प्रवाशांनी आग्रह केला असं कुठेही म्हटलेलं नाही, आणि मीही ते सुचवत नाही. मी एवढंच म्हणते की 'परत फिरावं की जावं' हा निर्णय किती निसरडा असतो, अनुभवी माणसालाही, ते यात दिसतं. त्यात आपल्या बाजूने एका ग्रॅमचंही वजन पडता कामा नये.

ढगात शिरलं तर काय होतं, हे गाडीवाल्यांना पटकन समजत नाही. माळशेज घाटात जुलैमध्ये ढग अंगावर आला की ड्रायव्हर दिवे लावतो, कडेला घेतो, थांबतो. हेलिकॉप्टरही हवेत थांबू शकतं ना, असं मला आमच्या भाच्याने विचारलं होतं. थांबू शकतं, पण डोळ्यांना जमीन किंवा क्षितिज दिसत असेल तर. ते दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा माणसाला फसवते; वळत असताना सरळ चाललोय असं वाटतं, खाली जात असताना सपाट. उपकरणं बघून उडवण्याचं शिक्षण आणि तशी यंत्रसामग्री वेगळी लागते. बहुतेक सहली डोळ्यांच्या भरवशावर चालतात. हवाईत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एकामागून एक अपघात झाले तेव्हा १९९४मध्ये खास हवाईसाठी नियम आले, जमिनीपासून साधारणपणे १,५०० फुटांच्या खाली सहलीचं हेलिकॉप्टर आणायचं नाही हा त्यातला मुख्य. म्हणजे 'अगदी जवळून धबधबा' हे जे तुम्ही छापता, त्याचा अर्थ किती जवळून, तेही एकदा तिथल्या नियमाशी ताडून बघा. खाली घ्या, अजून खाली घ्या, ही फर्माईश पुस्तिकेतल्या वाक्यातूनच जन्मते.

आपल्याकडची उदाहरणं लांब नाहीत. डिसेंबर २०१६मध्ये आरे कॉलनीत जॉयराइडचं छोटं हेलिकॉप्टर कोसळलं, त्यात पायलटसह माणसं दगावली. १५ जून २०२५ला केदारनाथहून पहाटे निघालेलं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळच्या जंगलात पडलं, सातही जण गेले, त्यात महाराष्ट्रातलं एक कुटुंब होतं. ते यात्रेचं उड्डाण होतं, सहलीचं नव्हतं, पण डोंगर, ढग आणि रांगेत उभी असलेली, वेळापत्रकाने बांधलेली माणसं, हे तिन्ही तिथे होतंच.

दरवाजे काढून उडवतात त्या राइडबद्दल थोडंच लिहिते. फोटो छान येतात म्हणून हल्ली तुमचे एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर तिचीही जाहिरात फिरवतात. न्यूयॉर्कमध्ये मार्च २०१८ला अशाच एका उड्डाणात हेलिकॉप्टर नदीत उतरवावं लागलं. पायलट वाचला, पाचही प्रवासी बुडाले, कारण पडू नयेत म्हणून त्यांना ज्या जादा पट्ट्यांनी बांधलं होतं ते त्यांना सोडवता आले नाहीत. ज्याला तो पट्टा कसा सुटतो ते स्वतःच्या हाताने करून दाखवता येत नाही, त्याला ही राइड विकू नका. ज्येष्ठ नागरिकांच्या गटाला तर विषयच काढू नका.

आता मागणीकडे परत येते. पूर्ण परतावा लिहून द्या म्हणजे तुमचं नुकसान होईल का? उडवणारी कंपनी पैसे देतेच आहे; मधल्या एजंटशी करार करतानाच ते पैसे प्रवाशापर्यंत पोचले पाहिजेत असं घाला. तुमचं सर्व्हिस चार्ज काय ते वेगळं दाखवा, हवं तर तेवढं ठेवा, त्यावर मी भांडणार नाही. पण हा नियम आला की आपोआप तुमचं वेळापत्रकही सुधारेल, कारण मग राइड रद्द होण्याचा भुर्दंड तुमच्या अंगावर येईल. सहलीच्या शेवटच्या दिवशी हेलिकॉप्टर ठेवायची खोड जाईल. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ठेवाल, म्हणजे आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा, असं म्हणता येईल. तीन दिवस हाताशी असतील तर कुठल्याही पायलटभोवती दहा-बारा माणसं गोळा होणार नाहीत. मॉरिशसला नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचा हंगाम असतो, आपल्या शाळांची नाताळची सुट्टी नेमकी त्यातच येते. त्या महिन्यांत तर दोन दिवस राखीव धरल्याशिवाय हेलिकॉप्टर विकूच नये.

दिवस ठरवताना आणखी एक बघा. तुमच्या हवाईच्या एका पत्रकात सकाळी स्कूबा डायव्हिंग आणि दुपारी हेलिकॉप्टर असं मी स्वतः वाचलं. स्कूबा केल्यावर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो; लगेच उंचीवर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन माणूस आजारी पडतो, कधी गंभीर. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह झाले असतील तर निदान १८ तास थांबा असं डायव्हिंगवाले सांगतात. हेलिकॉप्टरवाले बरेचदा २४ तास मागतात. तुमचा डाइव्हचा एजंट वेगळा, हेलिकॉप्टरचा वेगळा, दोघांनाही एकमेकांचं माहीत नाही. माहीत असायला हवं ते तुम्हाला, कारण दोन्ही एका कागदावर छापणारे तुम्ही. दादरला बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान शेळ्या कुठे चालल्यात त्याचा पत्ता तरी हवा.

विम्याचंही तेच. पॅकेजमध्ये 'ट्रॅव्हल इन्शुरन्ससह' असं ठळक लिहिता. ती पॉलिसी उघडून बघा. अनेक पॉलिसींमध्ये वेळापत्रकाप्रमाणे चालणाऱ्या विमान कंपनीच्या तिकिटावरचा प्रवासच धरतात, सहलीचं भाड्याचं हेलिकॉप्टर किंवा साहसी खेळ वगळलेले असतात. तुमच्या पॉलिसीत ते वगळलंय की धरलंय, एवढं एक वाक्य मराठीत, हेलिकॉप्टरच्या ओळीखालीच छापा. उडवणारी कंपनी कोण आणि हेलिकॉप्टर कुठलं, तेही. 'स्थानिक ऑपरेटर' एवढ्यावर कोणी आपलं मूल हवेत सोडत नाही.

तुमच्यातल्या काहीजणांना हे पत्र म्हणजे एका बाईने कूपनाच्या रागात लिहिलेलं वाटेल. राग आहेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्याय्य कराराची व्याख्या आहे आणि तक्रार राहत्या ठिकाणी करता येते, हे आम्हा ग्राहक चळवळीतल्या लोकांना माहीत आहे. पण मला आयोगाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा सहलीला जायला आवडतं, आणि आमच्या यांना तर सध्या दुसरं काही सुचतच नाही.

तेव्हा कामाचं. नाताळच्या आधी मुलीकडे अमेरिकेला जातोय, तिथून आम्ही चौघं आठवडाभर काउआईला जाणार आहोत. हेलिकॉप्टर सगळ्यांना हवंय. ज्या कंपनीला ते दुसऱ्या दिवशी धरता येईल, पुढचे दोन दिवस त्याच्यासाठी मोकळे ठेवता येतील आणि उड्डाण रद्द झाल्यास पूर्ण परतावा किती दिवसांत मिळेल ते लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी देता येईल, तिने कोटेशन पाठवावं. फोनवर 'मॅडम, होऊन जाईल' चालणार नाही. आमची वजनंही सोबत कळवीन, काट्यावर उभं राहून घेतलेली.

कळावे,
आपली,
एक प्रवासी, मुलुंड पूर्व